तळं कुठं गेलं?

प्रश्न: गेली चार वर्षं मी एकाच तळ्याचे फोटो काढतोय. तळं फार मोठं नाही, रमतगमत एक फेरी मारायला दहा मिनिटं लागतात. कडेला लव्हाळा, मध्ये थोडी कमळं, बाकी पाणी आणि किडे. आता पहिल्यांदाच माझे वीस फोटो एका छोट्या प्रदर्शनात लागणार आहेत. आयोजकांनी प्रत्येक फोटोखाली दोन-तीन ओळी आणि सुरुवातीला पानभर मनोगत मागितलंय. महिना झाला, लिहितोय आणि खोडतोय. सोबत मसुदा आणि चार फोटो जोडलेत.

माझा एक मित्र, तोही फोटोग्राफर, म्हणतो की फोटो बोलत असेल तर शब्द कशाला, आणि बोलत नसेल तर शब्द तरी काय करणार? त्याचंही पटतं. कोळ्याच्या जाळ्याचा फोटो मिळवायला मला सात दिवस लागले. सहा दिवस वारा होता. सातव्या दिवशी वारा पडला, पण मी इतका जवळ होतो की माझ्याच श्वासानं जाळं हलायला लागलं. असले किस्से मला तोंडी सांगता येतात, लिहायला बसलं की काहीतरी भलतंच उतरतं. आणखी एक शंका: कमळाच्या फोटोत मध्येच येणारी एक वाळकी काडी मी हातानं बाजूला केली होती. हे सांगायला हवं का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हे लिखाण मागे लागल्यापासून तळ्यावर जायचीच इच्छा होत नाही.
– तळ्याकाठचा एक

उत्तर:

नमस्कार,

तुमचा मसुदा दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन मोजायला बसले. 'निसर्ग' अकरा वेळा. 'अनुभूती' चार वेळा. 'संवाद' तीन वेळा. 'पाणी' एकदाही नाही. चार वर्षं तळ्याकाठी काढलेल्या माणसाच्या पानभर मजकुरात पाणी नाही, लव्हाळा नाही, चिखलाचं तर नावच नको. तळं कुठं गेलं?

ते तुमच्या पत्रात आहे. सहा दिवस वारा होता, सातव्या दिवशी पडला, मग श्वास आडवा आला. एवढं वाचून मी तुमच्या शेजारी पालथी पडले होते, कोपर ओलं झालं होतं. ते पत्र तुम्ही दहा मिनिटांत लिहिलं असणार. मसुद्याला महिना लागला. म्हणजे लिहिता येत नाही ही तक्रार मी ऐकून घेणार नाही. तुम्हाला लिहिता येतं. 'कलाकाराचं मनोगत' असं शीर्षक दिसलं की तुम्ही कपडे बदलून येता, इतकंच.

फोटोग्राफरला फोटोग्राफीच्याच भाषेत सांगते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर काय आहे ते ओळखत नाही. समोर येणारा उजेड मधल्या करड्या रंगाचाच असणार, असं धरून तो हिशेब मांडतो. म्हणून बर्फाचा फोटो मीटरच्या भरवशावर काढला तर बर्फ मळकट येतो आणि कोळशाचा ढीग राखाडी दिसतो. आताचे कॅमेरे थोडे शहाणे झालेत, पण खोड तीच आहे. तुम्हाला हे माहीत आहे, म्हणूनच पांढरं कमळ टिपताना तुम्ही एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, मुद्दाम वाढवलंय. पाकळ्यांकडे बघितलं की कळतं. भाषेलाही असाच एक मीटर असतो. 'नयनरम्य', 'अद्भुत', 'निःशब्द करणारं', 'निसर्गाची किमया' हे त्या मीटरवरचे आकडे. दवाचा थेंब असो नाहीतर वादळ, ते सगळ्याला एकाच करड्यावर आणून ठेवतात. कॅमेऱ्यात तुम्ही भरपाई करता, तशी इथंही करावी लागेल. मसुद्यातलं प्रत्येक वाक्य घ्या आणि बघा, ते दुसऱ्या कुणाच्या डोंगराखाली, समुद्राखाली, फुलपाखराखाली जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर ते तुमचं वाक्य नाही, मीटरचं आहे. खोडून टाका.

उदाहरणादाखल जाळ्याचा फोटो घेऊ. त्याखाली तुम्ही लिहिलंय: 'निसर्गाच्या अद्भुत कलाकुसरीची साक्ष देणारं हे नाजूक जाळं, जणू पहाटेनं गुंफलेली मोत्यांची माळ.' जाळं नाजूक आहे हे दिसतंय. थेंब मोत्यासारखे आहेत हेही दिसतंय, आणि ती उपमा इतक्यांनी वापरलीय की आता मोतीच दवासारखे वाटायला लागलेत. त्याजागी हे घ्या:

'सहा दिवस वारा होता. सातव्या दिवशी वारा पडला, आणि जाळं माझ्या श्वासानं हलायला लागलं.'

झालं. यातला एकही शब्द माझा नाही, तुमच्याच पत्रातला आहे. आता हे वाचून माणूस परत फोटोकडे बघतो तेव्हा त्याला त्यातली निश्चलता वेगळी दिसते. थेंब लख्ख आहेत, म्हणजे त्या क्षणी कुणीतरी श्वास रोखून धरला होता. वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उतरवायची, लेन्सचं छिद्र एफ/८ ला ठेवून, तर फोकसमध्ये येणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. श्वासानं जाळं दोन मिलिमीटर सरकलं की खेळ खलास. हे आकडे भिंतीवर लिहू नका, बघणाऱ्याला त्यांचं काही करायचं नसतं. पण त्या मिलिमीटरची धास्ती तुमच्या वाक्यात आपोआप आलीय, कारण तुम्ही ती भोगलीय.

त्याच फोटोत डावीकडून तिसरा थेंब मी मोठा करून पाहिला. त्यात मागचा लव्हाळा उलटा दिसतो, मुळं वर आणि शेंडे खाली. थेंब म्हणजे छोटं भिंगच, तो मागचं जग उलटं करून दाखवणारच. तुमच्या लक्षात आलंय का, माहीत नाही. आलं असेल तर कृपा करून खाली लिहू नका. असल्या गोष्टी बघणाऱ्याला स्वतःला सापडू द्याव्यात. शब्दांनी ते सांगावं जे कितीही वेळ फोटोसमोर उभं राहिलं तरी दिसणार नाही: वारा, वास, थांबणं, हुकलेलं, आधीचं आणि नंतरचं.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोकडे. खाली लिहिलंय 'ध्यानस्थ चतुर'. ध्यानाचं सोडा, तो चतुरच नाही. टाचणी आहे ती, चतुराची बारीक अंगाची नातलग. पंख मिटून पाठीवर घेतलेत आणि दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना आहेत, मध्ये चांगली फट आहे. चतुर बसला तरी पंख पसरलेले ठेवतो, आणि बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात. पंख अर्धवट उघडे ठेवून बसणाऱ्या टाचण्याही असतात, पण डोळ्यांमधली फट काही लपत नाही. मी हे मास्तरकी करायला सांगत नाहीये. माझ्या पहिल्या प्रदर्शनात एका पानाच्या फोटोखाली मी मौन, शिरा आणि काळ यांच्यावर चार ओळी ठोकल्या होत्या. एक आजी आल्या, बराच वेळ फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. कशाचं पान हे?" मला माहीत नव्हतं. मौनाबद्दल इतकं माहीत असलेल्या बाईला पानाचं नाव माहीत नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ते 'बरं बरं' मला अजून आठवतं. त्या दिवसापासून नाव ठाऊक नसेल तोवर मी विशेषण लावत नाही.

मित्राच्या म्हणण्याबद्दल. फोटोला समजावून सांगणाऱ्या ओळी त्याला नको असतील तर तो बरोबर आहे, मलाही नकोत. पण फोटोला शब्दांची गरजच नाही हे जुन्या लोकांना पटलं नसतं. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, इंग्रज विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट १८३३ च्या ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी (तोही तळ्याकाठचाच!) कॅमेरा ल्यूसिडा नावाचं उपकरण लावून चित्र काढायला बसला. त्यात कागदावर समोरचं दृश्य दिसतं आणि आपण पेन्सिलीनं गिरवायचं असतं. काचेवरून डोळा हलवून बघितलं तर कागदावर नुसत्या दीनवाण्या रेघोट्या. हे दृश्य आपलं आपणच कागदावर उमटून तिथं राहिलं तर, असा विचार तिथून सुरू झाला. पुढं १८४४ ते १८४६ या काळात त्यानं 'द पेन्सिल ऑफ नेचर' भागाभागानं छापलं, चोवीस छायाचित्रं आणि प्रत्येकासोबत मजकूर. त्यात आपल्याला चित्र काढता येत नव्हतं ही कबुली त्यानं सुरुवातीलाच देऊन टाकलीय. गवताच्या गंजीच्या फोटोसोबत तो लिहितो की इतका बारीकसारीक तपशील कुठलाही चित्रकार काढत बसणार नाही, कॅमेरा मात्र सगळं टिपतो. गंजी कशी सुंदर आहे यावर तो वेळ घालवत नाही. त्याच्याही आधी, १८४३ मध्ये, इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्सनं समुद्रशैवालांचे निळे ठसे घेऊन वह्या करायला घेतल्या. वाळवलेलं शैवाल थेट रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचं आणि उन्हात धरायचं, कॅमेऱ्याचं कामच नाही. गंमत म्हणजे त्यातली नावं आणि मजकूर तिनं हातानं लिहिला आणि तोही त्याच पद्धतीनं, त्याच निळ्यात उमटवला. अक्षरं आणि शैवाल दोन्ही एकाच उन्हात उमटलेली. तुमच्या मित्राला हे जरूर दाखवा.

मनोगताचं काय करायचं? पानभर मागितलंय म्हणून पान भरायची सक्ती नाही, अर्ध्या पानावर कुणी रागावत नाही. सुरुवातीसाठी मला एक जुनं उदाहरण फार आवडतं. अमेरिकन फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिग्लिट्झनं १९२२ मध्ये ढगांचे फोटो काढायला घेतले आणि पुढच्या वर्षी आपण ढगांकडे का वळलो हे लिहिलं. कारण काय? कुणीतरी म्हणालं होतं की तुमच्या फोटोंची ताकद म्हणजे समोर बसणाऱ्या माणसांवर तुम्ही टाकत असलेली मोहिनी. हे त्याला झोंबलं. ढगांवर कोण मोहिनी टाकणार? ते सगळ्यांच्या डोक्यावर असतात, फुकट असतात. शिवाय चाळीस वर्षांत आपण फोटोग्राफीत काय शिकलो तेही त्याला तपासून बघायचं होतं. पुढं त्या ढगांवर कलेच्या अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली, पण सुरुवात एका चिडलेल्या माणसाची होती आणि त्यानं ती लपवली नाही.

तुमच्या मसुद्यात तुम्ही 'निसर्गाकडे का वळलात' ते आहे. तळ्यावर पहिल्यांदा का गेलात, ते नाही. मला तेच ऐकायचंय. कदाचित कारण अगदी फालतू असेल. झोप येत नव्हती. घरात भांडण झालं होतं. नवीन लेन्स आणली होती आणि ती चालवून बघायला तळं सगळ्यात जवळ होतं. जे असेल ते पहिल्या वाक्यात लिहा. मग दुसऱ्या दिवशी परत का गेलात ते. चार वर्षांत तुमच्या बघण्यात काय बदललं, हे तिसरं. त्याचं उत्तर मला तुमच्या फोटोंत थोडंसं दिसतंय. कमळं जुनी आहेत ना? आणि पाण्यावर चालणाऱ्या त्या लांब पायांच्या किड्याचा फोटो अलीकडचा? कमळाकडे कुणीही बघतं. त्या किड्याच्या फोटोत तुम्ही किडा जवळपास चौकटीबाहेर ढकललाय आणि तळाच्या वाळूवर पडलेली सावली टिपलीय. पायाच्या जागी गोल काळे डाग आणि त्यांना उजळ कडा. किड्याचे पाय पाण्यात बुडत नाहीत, पाण्याची पातळ कातडी खाली दाबतात. त्या खळग्यावर पडलेला उजेड बाहेरच्या बाजूला फाकतो, म्हणून तळाशी डाग मोठा आणि कडेला लकाकी. सुईएवढा पाय आणि नाण्यासारखी सावली. कमळापासून या सावलीपर्यंत तुम्ही कसे आलात, हेच तुमचं मनोगत. तिथं 'संवाद', 'अनुभूती' वगैरेंना जागाच उरत नाही.

पण त्यासाठी आठवणीवर विसंबू नका. वही नसेल तर आजच करा. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची ती न्यू मेक्सिकोतली गोष्ट सांगते. संध्याकाळी गाडीतून परत येताना हर्नांडेझ गावावर चंद्र उगवताना दिसला, दफनभूमीतले क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. घाईघाईनं मोठा कॅमेरा उभा केला तर लाइट मीटर सापडेना. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल (हे उजेडाचं माप) असते हे त्याला पाठ होतं, त्यावरून हिशेब करून एफ/३२ ला एक सेकंद असं एकच निगेटिव्ह घेतलं. दुसरं घ्यायच्या आत क्रूसांवरचं ऊन गेलं. चंद्राचा आकडा लक्षात, अ‍ॅपर्चर लक्षात, आणि तारीख? ती मात्र लिहून ठेवली नव्हती. वर्षसुद्धा तो वेगवेगळं सांगत राहिला. शेवटी खगोलशास्त्र जाणणाऱ्यांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं. पहिल्यांदा ३१ ऑक्टोबर १९४१ असं उत्तर आलं, पुढं ते सुधारून १ नोव्हेंबर १९४१ ठरलं. आपल्या तळ्यासाठी कुणी एवढं गणित करणार नाही.

वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, वारा आहे की नाही. एखादी गोष्ट जी चौकटीबाहेर होती. आणि एक हुकलेला फोटो. हा हुकलेला फोटो सोडू नका, माझ्या वह्यांत सगळ्यात जिवंत पानं त्यांचीच आहेत. फक्त एक पथ्य: घरी आल्यावर फोटो संगणकावर उघडायच्या आत लिहायचं. फोटो एकदा पाहिला की आठवणीच्या जागी फोटोच बसतो, आणि मग तुम्ही तळ्याचं नाही, फोटोचं वर्णन करायला लागता. तुमच्या मसुद्याचं तेच झालंय, असा माझा संशय आहे. फोटो समोर ठेवून लिहिलात ना?

काडीचं. बाजूला करताना मोडली नसेल, कुणाचं घरटं हललं नसेल, तर बिघडलं काही नाही. सांगायचं की नाही हे तुम्ही काय दावा करता त्यावर आहे. 'जसं दिसलं तसं' असं कुठंही लिहिणार असाल तर काडीही सांगावी लागेल. माझ्या मते सांगाच, कारण ती ओळ छान होईल: 'मध्ये एक वाळकी काडी होती. ती मी बाजूला केली, आणि फोटो झाल्यावर परत ठेवली.' परत ठेवली असलीत तरच हं. पिचकारीनं पाणी मारून केलेलं दव आणि हलू नये म्हणून थंड करून बसवलेले किडे हे मात्र वेगळं प्रकरण आहे, त्याला मी सरळ फसवणूक म्हणते, आणि किड्याच्या बाबतीत क्रूरपणाही. तुमचं तसं काही नाही, बोलण्याच्या ओघात आलं. आणि वीस फोटोंत कुठं पक्ष्याचं घरटं असेल तर त्याची नेमकी जागा ओळखू येईल असं काही लिहू नका. प्रदर्शनातून बाहेर पडलेली चार माणसं कॅमेरे घेऊन दुसऱ्या दिवशी तिथं हजर होतील.

वीसच्या वीस फोटोंखाली ओळी हव्यात असं आयोजक म्हणतात. त्यांना विचारून बघा. माझा अंदाज, सात-आठ फोटोंना खरोखर सांगण्यासारखं काही असेल. बाकीच्यांखाली जिवाचं नाव आणि तारीख पुरे. सगळ्या फोटोंखाली सारख्या लांबीचा मजकूर असला की चौथ्या फोटोनंतर लोक वाचणं सोडतात, मीही सोडते.

राहिलं तळ्यावर न जाणं. मला यात काही गूढ वाटत नाही. महिनाभर तुम्ही तिथं मजकूर शोधायला जाताय. बेडूक दिसला की 'याखाली काय लिहू' हे आधी येतं आणि बेडूक त्याच्या आतच पाण्यात गेलेला असतो. असं कुणालाही जावंसं वाटणार नाही. आठवडाभर कॅमेरा घरी ठेवून जा. मोबाइल नेलात तर खिशातच राहू द्या. एका जागी वीस मिनिटं बसा. पहिली दहा कंटाळ्याची जातात, त्याला इलाज नाही. तुम्ही आलात म्हणून गप्प झालेलं तळं हळूहळू तुमची दखल घेणं सोडतं आणि आपापल्या कामाला लागतं. लिहू नका, फोटो नाही, काही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी 'अरे, कॅमेरा असता तर' असं तोंडातून निघेल. तोच तुमचा हुकलेला फोटो, घरी येऊन तेवढा वहीत लिहा. प्रदर्शनाला अजून पाच आठवडे आहेत असं तुम्ही मसुद्याच्या वर लिहिलंय, त्यातला एक गेला तर चालेल.

मसुदा फाडू नका, शेवटून तिसरं वाक्य ठेवा: 'उन्हाळ्यात तळं कडेपासून आटत जातं आणि मी रोज थोडा थोडा आत जातो.' ते कसं निसटलं मीटरच्या हातून, कोण जाणे. मनोगत तिथून सुरू करता आलं तर बघा.

आणि जाळ्याच्या फोटोखाली तारीख टाका. कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर लावलेलं आहे ना, ते आधी तपासा; तुमच्या तीन फोटोंत दव पडलेलं दिसतंय आणि वेळ दुपारी दोनची आहे.